पावशेरच्या मापाची कयाक

यातला एक शब्दही तुम्हाला खरा वाटणार नाही, मित्रांनो, तरी सांगते. मी एक जुनी कयाक आहे, म्हणजे एकाच माणसाची निमुळती होडी. धबधब्यावरून खाली सगळेच येतात. मी एकदा वर गेले होते. ज्या खडकावर मी आपटले, त्याची कंबर अजून धरलेली आहे. शेजारच्या खुंटीवरचं हेल्मेट आत्ताच खोकायला लागलंय. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म भट्टीतला. प्लास्टिकची भुकटी साच्यात भरली, साचा बंद केला आणि गरगर फिरवत भाजला. त्यामुळे भोवऱ्यांची मला कधी भीती वाटली नाही. तोच माझा पाळणा होता.

मला घेतलं बहीणभावांच्या एका जोडीने, दोघांत मिळून एक. भाऊ उंच, त्याला सगळे बांबू म्हणत. धाकटी बहीण पावशेर. त्यांची आई शिवणकाम करायची. तिच्या मशीनशेजारी फरशीवर मला ठेवलं आणि पावशेर माझ्यात बसली, ती डब्यात उरलेल्या शेंगदाण्यासारखी खडखडली.

"ऐसपैस आहे की," बांबू म्हणाला.

"ऐसपैस घेऊन काय करू? मी डावीकडे कलले तरी हिला पत्ता नाही!"

मग तिने फोमचे तुकडे कापून कमरेच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. मांड्या टेकतात तिथे अस्तर लावलं. पण हे सगळं घरातल्या पातळ कपड्यांवर! नदीवर जाड रबरी पोशाख घालून बसली तेव्हा अशी अडकली, की पायांना मुंग्या आल्या आणि तिला बाहेर ओढताना बांबूला घाम फुटला.

आई हसून हसून थकली. "अगं, कोटाचं माप बनियनवर घेतात का? घाल तो पोशाख आणि बस इथे. पोक काढू नकोस!"

संध्याकाळभर फोम घासणं चाललं. शेवटी पावशेर ताठ बसली, गुडघे वरच्या कडांना भिडले, चवडे पाय रोवायच्या सरकत्या पट्ट्यांवर टेकले. तिने श्वास घेतला तरी मला कळू लागला. मित्रांनो, इतक्या मायेने माझ्यावर कुणी हात फिरवला नव्हता. ते उपकार मी विसरलेले नाही.

पावशेरला एकच ध्यास होता, नदीवरच्या बचाव पथकात जायचं. बांबू तिथे आधीच होता. तिला मात्र पथकाच्या प्रमुख बाईंनी एकदा परत पाठवलं होतं. "होडी एकीकडे जाते, तू दुसरीकडे. वाहून चाललेल्याला तू काय धरणार?" आता पुन्हा परीक्षा ठरली. खडकांमधल्या घळीतून एकटीने उतरायचं. बाईंनी बजावलं होतं, "ही शेवटची. नंतर विचारायला येऊ नकोस."

आदल्या दिवशी बांबूने मला जरा फिरवून आणलं. आपल्या लांब तंगड्यांसाठी पायाच्या पट्ट्या पुढे सरकवल्या आणि परत मागे घ्यायला साफ विसरला. परीक्षेला बसताना पावशेरच्या पायांची जेमतेम बोटं टेकली. तिला ते जाणवलं. पण काठावर सगळे खोळंबले होते, म्हणून ती तशीच निघाली.

पहिला उतार झोकात पार पडला. दुसऱ्यावर मी खडकाला धडकले, तिची बोटं निसटली, ती पुढे घसरली आणि आम्ही दोघी उलट्या. माझं बूड आभाळाकडे, तिचं डोकं पाण्यात! काठावर बांबूने दोर उचलला. मला सोडून ती पोहत बाहेर पडली असती तर निभावलं असतं, पण पथक कायमचं हुकलं असतं.

मग मी काय केलं? नदीला म्हटलं, "बाई, जरा थांब." नदी थांबली. मी अंग झाडलं, एक गिरकी घेतली आणि पोरीला उन्हात आणून बसवलं!

खाली पोचताच ती आधी भावावर कडाडली. "माझे पाय काय ताडाएवढे आहेत, दादा?"

"चुकलं गं," बांबू पुटपुटला. "खरंच चुकलं."

"बसताना तुला कळलं नव्हतं?" बाईंनी तिलाच विचारलं.

"कळलं होतं. पण तुम्ही सगळे थांबला होतात..."

"पथकात आलीस की आधी आम्हाला थांबवायला शिक. उद्या सकाळी ये."

म्हणून सांगते, मित्रांनो, दुसऱ्याच्या मापाने पाण्यात उतरू नका. लोक खोळंबले तर खोळंबू देत. आणि आम्हा जुन्या वस्तूंचं सुटलेलं अस्तर वेळेवर चिकटवा. माझ्या पोटावर आता ओरखड्यांना जागा उरली नाही, रंगही विटला, तरी पावशेर अजून माझा फोम बदलते, ऊन लागू नये म्हणून मला सावलीत ठेवते. तिचे उपकार कसे फेडू? तसा एक उपकार माझाही आहे म्हणा. त्या दिवशी तिला मीच तर वर काढलं...

"खोटं!" हेल्मेट खुंटीवरून ओरडलं. "साफ खोटं! मला तिच्या डोक्यावर बांधलेलं होतं. तिने गुडघे रोवले, कंबर फिरवली आणि तुला सुलटं केलं. तू तर नुसती 'आई गं' करून किंचाळत होतीस!"