दोन गाठींची वायर

ह्यांना रंग कळत नाहीत हे मला लग्नानंतर नवव्या दिवशी समजलं. माझ्यासाठी स्वेटर आणला होता. "तुझा आवडता हिरवा," म्हणाले, आणि तो होता विटकरी. मला हसू आलं होतं, पण ह्यांचा चेहरा पाहून ते मी गिळलं. हे नुकतेच बस डेपोत वायरमन म्हणून लागले होते. डोळे तपासायच्या पुस्तकातली पानं एका मित्राकडून पाठ करून घेऊन पास झाले होते. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं.

ती कधी फुटली नाही. डेपोत हे मीटर लावल्याशिवाय एकाही वायरीला हात लावत नसत. लोकांना वाटे, काय काटेकोर माणूस आहे. 'मीटरमास्तर' असं नावच पडलं. मास्तरांनी बायकोसुद्धा मीटर लावूनच पसंत केली असणार, असं लोक माझ्यासमोर म्हणत, आणि आम्ही दोघं त्यांच्याबरोबर हसत असू.

घरी मात्र मीटर पिशवीतच राही. रेडिओ, इस्त्री, शेजाऱ्यांचा मिक्सर, काहीही उघडलं की हाक येई, "अगं, डोळे घेऊन ये." मी टॉर्च धरायची, रंग सांगायची, आणि ज्या त्या वायरीला शिवणाचा दोरा बांधायची. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मग ह्यांना बोटांनी वाचता येई. बेचाळीस वर्षांत मी एकदाही "माहीत नाही" म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर माझा दमा बळावला. आठवड्यातून दोनदा सकाळी दवाखान्यात जावं लागे, आणि थंडीत गारठलेल्या गाडीत बसलं की श्वास कोंडे. ह्यांनी कुठून तरी रिमोट स्टार्टर शोधून काढला. घरात बसून बटण दाबायचं, बाहेर गाडी चालू होऊन गरम होत राहते. दुकानदार म्हणाला, आजोबा, दोन तासांत आम्हीच बसवून देतो. ह्यांना ते लागलं. तुझ्या वडिलांची मुंज झाली नसेल तेव्हापासून वायरी जोडतोय, असं त्याला ऐकवून खोका काखेत मारून हे घरी आले.

सकाळी दहाला काम काढलं. आधी बॉनेटखाली एक छोटं बटण बसवलं. बॉनेट उघडं असेल तर रिमोट चालू नये, कुणाचा हात आत असला तर जायचा, म्हणून. "पहिलं काम जिवाचं, मग सोयीचं," हे म्हणाले. मग स्टीअरिंगखाली उताणे झोपले, पाय दाराबाहेर. मी शेजारी स्टुलावर, हातात टॉर्च आणि गाडीच्या वायरींचा कागद. इग्निशनची जांभळी, स्टार्टरची निळी, असं मी वाचून दाखवलं.

त्या वर्षी मला सगळंच जरा मळकट दिसू लागलं होतं. मी बल्बांना दोष देत होते. ह्यांना सांगितलं नव्हतं. दोन माणसांत मिळून दोनच चांगले डोळे, तेही गेले म्हणून कसं सांगायचं?

"ह्यातली निळी कुठली?" ह्यांनी विचारलं.

मी टॉर्च जवळ नेला. दोन्ही वायरी मला चहाच्या डागासारख्या दिसत होत्या. मी एकीवर बोट ठेवलं.

"नक्की?"

"नक्की."

तिला मी दोन गाठी मारल्या, दुसरीला एक. पिशवीतलं मीटर पिशवीतच राहिलं.

काम झाल्यावर हे हात पुसत पायरीवर आले. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक वर आहे, हे पुन्हा जाऊन बघून आले, आणि रिमोट माझ्या हातात दिला. पहिला मान तुझा, म्हणाले. मी बटण दाबलं. इंजिन एकदा धरल्यासारखं झालं आणि विझलं, पण स्टार्टर फिरतच राहिला. लोखंड खरवडल्यासारखा आवाज, मग जळका वास, मग धूर. हे धावत गेले आणि बॉनेट उघडलं. त्या क्षणी सगळं बंद पडलं. ते बटण तेवढं बरोबर बसलं होतं.

पलीकडच्या गल्लीतला मेकॅनिक आला. पूर्वी डेपोत ह्यांच्या हाताखाली तयार झालेला. आत डोकं घालून त्यानं पाहिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, दोन वायरी उलट लागल्यात." जळका स्टार्टर त्यानं बदलला, रिमोटचा डबा काढला, वायरींची टोकं चिकटपट्टीनं बंद केली.

तो गेल्यावर हे आपली बोटं चोळत बसले. "एक गाठ कुठली आणि दोन कुठल्या, हे बोटांना कळलं नाही," म्हणाले. मी चुकले असेन, हे ह्यांच्या मनातही आलं नाही. माझ्या मनात आलं होतं, पण तोंड उघडलं नाही.

हत्यारांची पिशवी माळ्यावर गेली. शेजारीण इस्त्री घेऊन आली, तिला हे म्हणाले, दुकानात द्या, आता माझ्या हातांचा भरवसा नाही. जेवतानासुद्धा आपल्या बोटांकडे ती परक्याची असल्यासारखे बघत.

चार महिन्यांनी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि समोरची पाण्याची टाकी, जी मी काळी समजत होते, ती निळी निघाली. घरी आल्यावर मी चप्पलही न काढता गाडीत शिरले. दोन गाठी जांभळ्या वायरीला होत्या.

मी ह्यांना हाताला धरून नेलं. "अहो, तुमची बोटं चुकली नव्हती. मी रंग चुकीचा सांगितला."

ह्यांनी आत हात घालून गाठी चाचपल्या. "निळीला दोन. बरोबर आहेत."

"ती निळी नाही. जांभळी आहे."

ह्यांनी गाठींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग हसले. त्या घटनेनंतर पहिल्यांदा. "गाठी कधी बदलल्यास?"

मी शपथ घेतली. मीटर लावून बघा म्हटलं. ह्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "मीटर काय सांगणार? दोरा तुझा, गाठ तुझी. जन्मभर मला झाकलंस, आता पुरे."

साक्षीला एकच माणूस होता, मेकॅनिक. त्यानं त्या दिवशी वायरी पाहिल्या होत्या. मी त्याच्या दारापर्यंत गेलेही. पण गाठी कशाला, असं तो विचारणार. रंग दिसत नाहीत म्हणून, असं मला सांगावं लागणार. ज्याला ह्यांनी घडवलं, त्याला. मी मागे फिरले.

पुढच्या थंडीत हे गेले. पिशवी माळ्यावरच होती.

मी गाडी विकायला काढली; महिन्यानं मेकॅनिक ती न्यायला आला. स्टीअरिंगखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "काकू, ह्या वायरींना दोरे कशाला आहेत? तेव्हाही दिसले होते."

"तेव्हा जांभळीला किती गाठी होत्या?" मी विचारलं.

"दोन. आहेत तशाच आहेत की." तो कपडे झटकत उभा राहिला. "मास्तरांची काही खूण होती का?"

"जुनी सवय," मी म्हटलं.

त्यानं दार लावलं आणि छतावरून हात फिरवला. "काय हात होता काकू मास्तरांचा. सबंध जन्मात एकदाच चुकला."

मी दाराची चौकट धरून उभी होते.

"हो," मी म्हणाले. "एकदाच."