सकाळचं पाणी, दुपारची वीज

"तार तोडायची तर आधी मला बाजूला करा," असं म्हणून मावशी विजेच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. पाऊण वाजला होता. रोज एक वाजता शेतीची वीज जायची. वायरमन पक्कड हातात धरून नुसताच घुटमळत होता. मावशीच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती.

हे सगळं एका कागदानं केलं होतं. विद्यापीठाची एक पोरगी आणि एक पोरगा महिनाभर गावात तळ ठोकून होते. पाणी वर काढायला किती वीज जळते, ते मोजायला शिका म्हणून सरांनी त्यांना धाडलं होतं. पोरगी बोअरमध्ये टेप सोडून पाणी किती खोल आहे ते बघायची, पोरगा मीटर वाचायचा. मावशीनं दोघांना पोटच्या लेकरांसारखं जेवू घातलं, आणि त्यांनीच लिहून दिलं की पाणी वर असूनही हिची मोटार गावात सगळ्यात जास्त वीज खाते. मोटार नादुरुस्त ठरवून वीज कचेरीनं जोडणी तोडायचा हुकूम काढला. दोन एकर मिरची फुलावर होती. आठ दिवस पाणी तुटलं की वर्ष हातचं जाणार होतं.

सर दोन्ही पोरांना घेऊन वायरमनबरोबर आले होते. ते मान खाली घालून म्हणाले, "मावशी, आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे नसतील बोलत. ही दोघं कधी येतात ते विचारलंत का?"

पोरगी चाचरत म्हणाली, "मी मावशीकडेच राहते ना सर. सहाला इथूनच सुरुवात करते."

"आणि मी इथे शेवटी येतो," पोरगा म्हणाला. "बारा वाजून जातात."

"दहाला वीज आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात," मावशी म्हणाली. "बारापर्यंत पाणी कुठल्या कुठे जातं. हिनं सकाळचं पाणी लिहिलं, ह्यानं दुपारची वीज. एकदा तरी बरोबर आलात का रे?"

सरांचा चेहरा उतरला. ही चूक पोरांची नव्हती, शिकवणाऱ्याची होती. "टेप सोड," ते पोरीला म्हणाले. मग पोराला, "तू मीटरला उभा राहा. दहा मिनिटं आहेत."

मोटार चालूच होती. टेप खाली जात राहिली. नव्वद फूट, सकाळी पाणी इथेच होतं. शंभर. दीडशे. वायरमन घड्याळ बघत होता. एकशे ब्याऐंशीला टेप पाण्याला लागून वाजली.

पोरानं मीटर वाचला, सरांनी तिथेच गुडघ्यावर वही ठेवून हिशेब केला. "मोटार चोख आहे. एवढ्या खोलवरून पाणी ओढायला एवढी वीज लागणारच." त्यांनी जुना कागद फाडला, नव्यावर सही करून तो कचेरीसाठी वायरमनला दिला. वायरमननं पक्कड पिशवीत टाकली आणि सुटल्यासारखा हसला.

मावशी मात्र हसली नाही. "पोरी, हा पाइप खाली किती फूट सोडलाय माहीत आहे?"

"किती?"

"दोनशे. त्याच्या टोकाला मोटार. वर अठरा फूटच पाणी उरलंय."

मावशीनं मोटारीसाठी भांडायची तयारी केली होती, पाण्याशी कुणी भांडायचं?

एकाला अजून पाच मिनिटं होती, अर्धी मिरची कोरडी होती. मावशी मोटारीच्या पेटीपाशी गेली आणि तिनं आपल्या हातानं मोटार बंद केली.