सांभाळून ठेवलेली माणसं

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत दरवर्षी एक नाटक होई. जिथून जिथून माल येतो त्या सगळ्या पुरवठादारांना एक प्रश्न जाई: तुमच्याकडे कुणाला जबरदस्तीने राबवलं जातं का? सगळे 'नाही'वर खूण करून पाठवत. म्हणजे चोराच्या दारात जाऊन विचारायचं, 'बाबा रे, तू चोर आहेस का?' आणि तो नाही म्हणाला की त्याचे आभार मानून घरी यायचं!

खरेदीप्रमुखांना यात काही वावगं वाटत नसे. माल वेळेवर येतोय, भाव बरा आहे, मग खोलात कशाला शिरा? त्यातून गाद्यांच्या खोळी शिवून देणारा कारखानदार म्हणजे त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ. तो त्यांना दाजी म्हणे. आपणही तेच म्हणू.

यंदा कंपनीत नव्या वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी मेहुण्याचं उत्तर दाजींच्या टेबलावर ठेवलं.

"यांच्या कारखान्यात गेला होतात कधी?"

"उद्घाटनाला गेलो होतो की. जेवण झकास होतं."

"जेवणाचं नाही हो, शिलाईचं विचारतेय. काम चालू असताना?"

"बाई, बायकोचा भाऊ आहे तो."

"म्हणून तर तुम्हाला नेतेय. मी एकटी गेले तर चहा पाजून वाटेला लावतील."

मेहुण्याने दोघांचं तोंड भरून स्वागत केलं. कारखाना लख्ख होता. पंखे, प्यायला गार पाणी, मागच्या अंगाला परमुलखातून आलेल्या बायकांच्या राहायच्या खोल्या. दाजींनी वकीलबाईंकडे 'बघितलंत?' अशा नजरेने पाहिलं.

"आणि यांची ओळखपत्रं कुठे असतात?" बाईंनी विचारलं.

"माझ्या कपाटात. सगळी सांभाळून ठेवलीयत," मेहुणा ऐटीत म्हणाला. "वेंधळ्या आहेत हो. हरवून बसतात. मग निस्तरायचं कुणी? मीच."

दाजींनी मान डोलावली. किती करतो बिचारा, असंही त्यांना वाटलं.

वकीलबाई जवळच्या मशीनपाशी स्टूल ओढून बसल्या. तिथे एक बाई खोळीला चेन लावत होती. काम कसं आहे, असं विचारल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "सगळं चांगलं आहे." मेहुणा शेजारीच उभा होता. दुसरं काय म्हणणार?

"तुमच्याकडचे कापडाचे नमुने बघायचेत," वकीलबाई मेहुण्याला म्हणाल्या. "आणता का जरा?"

तो गोदामाकडे वळला आणि मशीन थांबलं.

"वडील अंथरुणाला खिळलेत," बाई भराभर बोलू लागली. "भावाचा निरोप आलाय, तोंड बघायचं असेल तर ये. कार्ड दाखवल्याशिवाय तिकडच्या गाडीत घेत नाहीत. मालकांकडे मागितलं, तर म्हणतात, ऑर्डर संपू दे."

"कुठली ऑर्डर?" दाजींनी विचारलं.

तिने मांडीवरची खोळ उलटी करून त्यांच्यापुढे धरली. लेबलावर त्यांच्याच कंपनीचं नाव होतं.

मेहुणा नमुने घेऊन आला तेव्हा दाजींचा चेहरा उतरला होता. "हिला घरी जायचंय. कार्ड का देत नाहीस?"

"हे तुम्ही विचारताय, दाजी? शुक्रवारी संध्याकाळी फोन करून दुप्पट माल मागता आणि सोमवारी गाडी लावता. जमणार नाही म्हटलं, की दुसरा बघतो म्हणता. या उठून गेल्या तर खोळी काय मी शिवू? आणि अडवतोय कोण? दार उघडंच आहे. कार्डं तेवढी सांभाळतो."

"बँकही पैसे सांभाळते," वकीलबाई म्हणाल्या. "काढायला गेलं की 'ऑर्डर संपू दे' म्हणते का? मागितल्यावर परत मिळतं ते सांभाळलेलं. मिळत नाही ते दाबलेलं. तुम्ही कार्डं नाही हो, माणसं दाबून ठेवलीत."

दाजींच्या डोक्यात तिडीक गेली. "आजपासून तुझं काम बंद."

सगळी मशीनं थांबली. बायकांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धास्ती होती.

"थांबा, साहेब," वकीलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमचे हात स्वच्छ होतील, तुम्ही घरी जाऊन जेवाल. यांचं काय? कार्डाशिवाय रस्त्यावर येतील, नाही तर याहून वाईट ठिकाणी. ही घाण आपणही केलीय. निस्तरून जाऊ."

शुक्रवारचे ते फोन दाजींनीच केले होते, तेही हसत, गप्पा मारत. त्यांनी तिथूनच आपल्या वरिष्ठांना फोन लावला. "खोळी उशिरा येतील. कारण? मी नको तेवढ्या घाईने मागितल्या." पलीकडून जे ऐकायला मिळालं ते त्यांनी उभ्याने ऐकून घेतलं.

मग मेहुण्याला म्हणाले, "कपाट उघड. जिचं कार्ड तिच्या हातात. हिचा झालेला पगारही आत्ताच. यापुढे माल किती दिवसांत होईल ते तू सांगायचंस. आणि वकीलबाई येऊन बायकांशी बोलतील, तू बाहेर थांबायचंस."

"हे ताईला कळलं, तर तिला काय तोंड दाखवू मी?"

"तुमचे वडील दवाखान्यात होते, तेव्हा तुझ्या ताईला मी 'स्वयंपाक संपू दे, मग जा' म्हटलं असतं, तर तू माझं काय केलं असतंस?"

मेहुण्याने हातातलं नमुन्याचं कापड खाली ठेवलं. मग खिशातून किल्ली काढून तो कपाटाकडे गेला. पहिलं कार्ड त्याने चेन लावणाऱ्या बाईलाच दिलं. "जा. दुपारची गाडी मिळेल," एवढंच म्हणाला.

तिने कार्ड पदराआड धरलं. "परत कधी यायचं?"

"यायचं की नाही, ते तुझं तू ठरव," दाजी म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

वाचकहो, ज्याला मनात आलं की उठून जाता येत नाही तो कामगार नव्हे, गुलाम आहे. मग त्याच्या डोक्यावर पंखा फिरत असो की प्यायला गार पाणी असो. आणि त्याला बांधणारी दोरी नुसती मालकाच्या हातात नसते. स्वस्तात द्या, उद्याच द्या, असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या हातात तिचं दुसरं टोक असतं. म्हणून वस्तू घेण्याआधी एवढं विचारा, की ही बनवणारं माणूस आज घरी निघालं तर त्याला कोण अडवेल? हे मालकाला विचारू नका. त्या माणसाला विचारा, आणि विचारताना मालकाला दाराबाहेर उभं करा.