एकशे बेचाळीस वेळा ‘हो’

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे भिंगमावशी म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. नवं सॉफ्टवेअर आलं आणि एका महिन्यात त्यांच्या हातून अकरा नमुने रद्द झाले. अकरा जणांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. सोमवारपासून मावशींनी तपासणीचं टेबल सोडून चौकशीच्या खिडकीत बसायचं, असं प्रमुखांनी ठरवलं.

त्या सॉफ्टवेअरचे स्क्रीन मावशींच्या सुनेने आखले होते.

“मी तुला कधी सासुरवास केला नाही. मग तुझं यंत्र मला का छळतंय?” मावशींनी जेवताना विचारलं.

“आई, उद्या मी तुमच्या मागे बसते. एक शब्द बोलणार नाही.”

“म्हणजे माझी परीक्षा?”

“तुमची नाही, माझी.”

शुक्रवारी ती आठ ते चार स्टुलावर बसून होती. मावशी नळी उचलत, नंबर जुळवत, ‘नोंदवा’ दाबत. लगेच मधोमध चौकट उघडे: ‘खात्री आहे?’ मावशी ‘हो’ दाबत. एकशे बेचाळीस नळ्या, एकशे बेचाळीस चौकटी. दहा वाजल्यानंतर मावशींनी चौकट वाचलीच नाही. डोळे पुढच्या नळीवर, बोट ‘हो’ म्हणून मोकळं. ‘रद्द’चं बटण ‘नोंदवा’ला खेटून होतं आणि त्याचीही चौकट हुबेहूब तशीच. दोनदा बोट घसरलं, दोनदा ‘हो’ दाबलं गेलं आणि दोन नंबर कायमचे पुसले गेले.

चूक होऊ नये म्हणूनच सुनेने ती चौकट घातली होती.

ती तडक प्रमुखांकडे गेली. “चूक माझी आहे. त्यांची बदली करू नका.”

“सासूबाईंची वकिली?” प्रमुख हसले.

“सरावाच्या साठ नळ्या देते. तुम्हीच बसा.”

प्रमुखांनी बाह्या सरसावल्या. साठ नळ्या झपाट्याने संपवून ते विजयी मुद्रेने उठले. सुनेने यादी दाखवली. त्रेचाळिसावी आणि एकावन्नावी रद्द.

“शक्य नाही. मी प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलंय.”

“कोणत्या प्रश्नाला म्हटलंत?”

प्रमुखांनी यादी पुन्हा खालून वर वाचली. बदली त्यांनी आठवडाभर पुढे ढकलली.

शनिवार-रविवारी सुनेने चौकट काढून टाकली. ‘रद्द’ दूर कोपऱ्यात नेलं. रद्द केलेला नंबर आता पुसला जात नव्हता. दिवसभर तो स्क्रीनच्या तळाशी राही आणि शेजारी लिहिलेलं असे: ‘परत घ्या’.

त्या आठवड्यात मावशींनी सातशे एकतीस नळ्या नोंदवल्या. चुकून चार रद्द झाल्या. चारही त्यांनी स्वतःच परत घेतल्या. कोणालाही दुसऱ्यांदा सुई लागली नाही. शनिवारी प्रमुखांनी बदलीचा कागद मावशींसमोर फाडला.

पुढच्या महिन्यात शेजारच्या रुग्णालयातल्या तंत्रज्ञ बाई जुन्या स्क्रीनच्या तक्रारी ऐकून नवा स्क्रीन बघायला आल्या. मावशींनी मुद्दाम एक नळी रद्द करून परत आणून दाखवली.

“आमच्या सुनेने आखलंय.”

“छान आहे हो! आणि आधीची ती डोकेदुखी कोणी आखली होती?”

“तीही तिनेच,” मावशी तितक्याच ताठ मानेने म्हणाल्या आणि त्यांनी पुढची नळी उचलली.