ओठावरचं मीठ

सुनेनं खांद्यानं दाराला पुन्हा रेटा दिला. सरकतं दार रुळावरून घसरून तिरकं बसलं होतं. हललं नाही.

"अहो, धडका देऊ नका!" पलीकडून फिटर ओरडला. "आणखी रुतेल. कटर आणायला माणूस पाठवलाय."

"आणि वाफ?"

"बंद केलीय. पण प्रेस निवायला वेळ लागणार. दम धरा जरा."

दम. हॉटेलच्या तळघरातली इस्त्रीची खोली, वाफेचे दोन प्रेस, चादरींचे ढीग आणि सासू-सून. घरीही दोघीच समोरासमोर, इथंही.

कपाळ : घाम भुवईवर थबकतो, मग डोळ्यात उतरतो.

ओठ : सुनेनं जीभ फिरवली. खारट. वर्षभरात तिच्या जिभेला मिळालेलं मीठ एवढंच. नवऱ्याला ब्लडप्रेशर निघालं त्या दिवशी सासूनं फर्मान काढलं होतं, "एकाला अळणी, तर सगळ्यांना अळणी." मिठाची बरणी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली सासूकडे.

पोटरी : गोळा आला. सून कळवळून खाली बसली.

"पाणी पी," सासू म्हणाली.

"दोन बाटल्या झाल्या, आई. पोटात नुसतं डुचमळतंय."

ती वाकली आणि पाणीच ओकली. डोकं ठणकत होतं. बोटं आखडून वाकडी झाली होती, सरळ होईनात. सासू तिच्या पोटऱ्या चोळू लागली.

"तुम्हाला कसं काही होत नाही?"

"जुनं हाड आहे माझं."

"खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात," सून डोळे मिटून पुटपुटली. "आपल्याकडे तीही सोय नाही."

सासू हसली नाही. सुनेची मान एका बाजूला कलली.

"ए! इकडे बघ. बघ माझ्याकडे."

सासूचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला. परत आला. पुन्हा गेला.

पुडी.

तिनं उरलेल्या पाण्यात दोन चिमटी मीठ टाकलं, बाटली हलवली आणि सुनेच्या ओठांना लावली. "घोट घोट घे. घामाबरोबर मीठ जातं. वर नुसतं पाणी ओतत राहिलं, की अंगात उरलेलंही पातळ होतं."

सून प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. दाराबाहेर कटर किरकिरू लागला. बऱ्याच वेळानं तिची बोटं सैल झाली, तेव्हा तिनं पुडी हातात घेतली. उघडून मिटून, उघडून मिटून कागदाच्या घड्या विरल्या होत्या.

"रोज?"

सासू चादरीवरचा धागा काढत बसली.

दार कडाडलं. फटीतून गार हवा आत आली.

"चला, आधी कोण?" फिटरनं विचारलं.

सासूनं पुडीसाठी हात पुढे केला. तळवा घामानं ओला होता.

सुनेनं त्यावर चिमूटभर मीठ ठेवलं. मग पुडी मिटली आणि आपल्या खिशात टाकली.

"आधी आईंना काढा," ती म्हणाली.