फळं न धरलेलं झुडूप

वहिनीने झुडपाच्या फांद्या एकेक करून उचलल्या आणि पानांखाली पाहिलं. खालच्या, मधल्या, अगदी भिंतीला टेकलेल्याही. औषधाला म्हणून एक लाल फळ नव्हतं. कुंपणाकडच्या झाडांची पानगळ सुरू झाली होती. दरवर्षी या दिवसांत हे झुडूप लाल मण्यांनी लगडलेलं असायचं.

खिडकी उघडीच होती. आत तिची थोरली नणंद उशांना टेकून बसली होती. वीस वर्षांपूर्वी हे झुडूप तिनेच लावलं होतं.

“दिसतंय का गं काही?”

“यंदा जरा उशीर आहे, वन्सं.”

“उशीर? काल तर म्हणालीस, पाखरांनी खाल्ली.”

“अर्धी पाखरांनी खाल्ली. उरलेल्यांना उशीर आहे.”

“बरीच शिस्तीची दिसतात पाखरं,” वन्सं म्हणाल्या आणि हसता हसता खोकल्या.

वहिनी हसली नाही. हल्ली सकाळी देवापुढे हात जोडले की रोजचे पाठ शब्दही तिला पुरे म्हणवत नसत.

खरं कारण रोपवाटिकेतल्या माळ्याने आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. “या जातीत नर वेगळा, मादी वेगळी, बाई. दोन्ही एकमेकांजवळ लागतात. तुमचं दुसरं कुठे गेलं?”

दुसरं तिनेच उपटून टाकलं होतं. वन्सं इस्पितळात होत्या तेव्हा, झुडपं फुलायच्या आधी. दाराजवळचं ते काटेरी झुडूप. इतक्या वर्षांत त्याला एक फळ लागलं नव्हतं. ‘नुसतं जागा अडवून बसलंय,’ असं ती नवऱ्याला म्हणाली होती आणि तिथे कपड्यांची दोरी बांधली होती. ते वाक्य एकट्या झुडपासाठी होतं का, हा प्रश्न तिने मनात कितीदा मागे सारला होता. घरातली एकुलती एक उजेडाची खोली वन्संकडे होती.

दुपारी तिने नवं रोप आणून खिडकीखाली ठेवलं आणि शेजारी खड्डा खणायला घेतला.

“हे काय आणलंस?”

“वन्सं, दाराजवळचं झुडूप मी काढलं. त्याच्यावाचून याला फळ धरत नाही. पाखरांनी काहीसुद्धा खाल्लेलं नाही.”

वन्सं उशांवरून जरा पुढे सरकल्या.

“ठाऊक आहे. घरी आले त्याच दिवशी पाहिलं. दोरीवर माझ्याच चादरी वाळत होत्या. तुला काय बोलणार होते मी?”

वहिनीची मान वर होईना. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“याला फुलायला किती दिवस?”

“तीन-चार वर्षं म्हणाला माळी.” बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत पुढचा उन्हाळाही बसत नव्हता, आणि ते दोघींनाही माहीत होतं.

वन्संनी खिडकीतून वाकून रोपाकडे पाहिलं.

“खड्डा आणखी वीतभर खोल घे. आणि फळं धरायला लागली की तू या खोलीत राहायला ये. मागच्या खोलीतून अंगणातलं काही म्हणता काही दिसत नाही.”

वहिनीने खुरपं जमिनीत रोवलं. खड्डा केव्हाच पुरेसा खोल झाला, तरी ती खाली मान घालून उकरतच राहिली.