प्रफुल्लाचं तळं

प्रफुल्ला दाभोळेच्या मागे मागे एक तळं चालायचं.

मुलगी झाल्यानंतर ती पहिल्यांदा शिंकली तेव्हा ते वाटीएवढं होतं. मग खोकला झाला, हसणं झालं, पाण्याची बादली उचलणं झालं, आणि तळं ताटाएवढं झालं, पुढे घंगाळाएवढं. आता प्रफुल्ला सत्तेचाळीस वर्षांची होती आणि तळ्यात बोटाएवढे चार चंदेरी मासे होते. ती बाजारात निघाली की तळं निघायचं. ती रांगेत उभी राहिली की तिच्या टाचांशी येऊन थांबायचं. पाणी अगदी नितळ होतं, तरी ती पर्समध्ये अत्तराची कुपी ठेवायची आणि दर तासाला कानामागे लावायची. कानामागे का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मिरजेची माणसं सभ्य. कुणी चकार शब्द काढला नाही. तिच्या शेजारून जाताना बायका साडी जराशी उचलायच्या आणि मेथी कशी दिली म्हणून विचारायच्या. सासूबाई मात्र एकदा, भिंतीकडे बघत, म्हणाल्या होत्या, "बायकांना असतंच ते. आम्ही काय बोभाटा केला का?" तेव्हा प्रफुल्लाला त्यांच्या खाटेखाली सतरंजीनं झाकलेलं जुनं, हिरवं पाणी दिसलं होतं.

नवरा, दिगंबरराव, एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या सुटल्याचं सांगून सांगून त्यांचा आवाज असा झाला होता की घरातही ते "चहा तयार आहे, सर्वांनी लाभ घ्यावा" अशा थाटात बोलायचे. चार वर्षांपूर्वी तळं पलंगावर चढलं आणि दोघांच्या मधोमध पसरलं. तेव्हापासून ती अलीकडच्या काठावर झोपायची आणि ते पलीकडच्या. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कधी त्यांचा हात पाण्यावरून यायचा, अर्ध्यात थांबायचा आणि माघारी जायचा. तिला फार वाईट वाटायचं. तो हात तिला हवा होता. पण हात जवळ आला की तिचं सगळं अंग मुठीसारखं मिटायचं, दुखायचं, आणि हे सांगायला तिच्यापाशी एकही शब्द नव्हता.

एवढं होऊनही सगळं असंच चालू राहिलं असतं. राहिलं नाही ते शकूमुळे.

शकू घोरपडे तिची फुगडीची जोडीदारीण. श्रावणातल्या मंगळागौरीला दोघींची फुगडी लागली की पंखे बंद केले तरी चालतात, असं बायका म्हणायच्या. हात एकमेकींत अडकवायचे, पाय जुळवायचे, अंग मागे झोकून द्यायचं आणि भिंगरी व्हायचं. चार वर्षं मात्र प्रफुल्ला खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती आणि शकू तिच्याशेजारी बसून वाजवत होती, कारण दुसऱ्या कुणाचे हात धरायला ती तयार नव्हती.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शकू आली आणि उंबऱ्यातच बसली. "औंदा माझं शेवटचं हाय," ती म्हणाली. "दिवाळीत गुडघ्याचं आपरेशन. मग कसली फुगडी आन् कसलं काय. खेळायचं तर तुझ्यासंगट, न्हाईतर न्हाई."

"मला नाही गं जमायचं."

"का?"

प्रफुल्लानं खाली पाहिलं. शकूनंही पाहिलं. वीस वर्षांत तळ्याकडे सरळ बघणारी ती पहिलीच.

"ह्ये व्हय?" शकू म्हणाली. "माझ्या भनीचं ह्येच्यापरास मोठं हुतं. बदकं हुती त्यात. त्या मुल्ला डाक्टरीनबाईकडं जा की, बये! बसून काय राहिलीस?"

डॉक्टर तबस्सुम मुल्लांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. तळं एकेक पायरी चढत, धापा टाकत आलं. डॉक्टर फिजिओथेरपिस्ट होत्या आणि त्यांना कशाचंच नवल वाटत नव्हतं.

"केव्हापासून?"

"वीस वर्षं."

"मासे?"

"चार."

"मिस्टरांसोबत दुखतं का?"

प्रफुल्लानं छताकडे पाहिलं. छत लाजून वीतभर वर सरकलं.

"दुखतं," ती म्हणाली. शब्द तोंडातून निघाला आणि टेबलावर, पेपरवेटच्या शेजारी जाऊन बसला. एवढासा होता. याला आपण इतकी वर्षं घाबरलो, या विचारानं तिला राग आला आणि हसूही आलं. तळं थोडं वाढलं.

"दिवसभर काय करता?"

"आवरून धरते. सगळं."

डॉक्टरांनी तिला मूठ घट्ट आवळायला सांगितली आणि म्हणाल्या, "आता हे पेन धरा." पेन मुठीवरून घरंगळलं आणि तळ्यात पडलं. मासे बाजूला झाले.

"बघा. सदा मिटलेल्या हातानं काही धरता येत नाही. लघवी अडवताना आत जे आवळतं, तेवढंच वर उचलायचं. पोट नाही, मांड्या नाहीत, दात तर मुळीच नाहीत. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जायचं. मग तितकेच आकडे मोजत सोडायचं. पूर्ण. सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, ते विसरू नका. आणि उचलायचं श्वास सोडताना."

"श्वास सोडताना?"

"हो. अशी फुंकर. फू."

प्रफुल्ला खुर्चीतून उठलीच. फुगडीत गिरकीगणिक बायका जो हुंकार घालतात, तो हाच! आणि ती? काही सांडेल या भीतीनं ती ओठ गच्च मिटून, श्वास कोंडून फिरत आली होती. वर्षानुवर्षं तिनं प्रत्येक 'फू' गिळला होता.

"फू," ती म्हणाली.

तळ्याचा एक काठ गोधडीच्या कोपऱ्यासारखा जमिनीवरून उचलला गेला. खाली फरशी होती. कोरडी.

"डॉक्टर!" ती ओरडली. "ओ डॉक्टर, बघा की!"

"दिसलं," डॉक्टर म्हणाल्या. "आता सोडा."

वैशाखात तळं बोटभर उचललं, ज्येष्ठात वीतभर. कुकरच्या शिट्टीबरोबर ती उचलायची, भाजीच्या रांगेत उचलायची, सासूबाईंची पोथी ऐकताना उचलायची. आषाढात तळं तिच्या डोक्यावर आलं आणि ती उन्हातून त्याच्या सावलीत चालू लागली. रोज संध्याकाळी ती शकूला फोन करून ओरडून सांगायची, आणि शकू पलीकडून त्याहून मोठ्यानं ओरडायची. अत्तराची कुपी तिनं मोलकरणीला देऊन टाकली.

फक्त सोडणं जमत नव्हतं. उचलायला ती शूर होती, पण सोडायच्या वेळी तिची पाचावर धारण बसायची. इतकं पाणी. इतकी माणसं. सगळे भिजतील. ती तीनपर्यंत सोडायची आणि घाबरून पुन्हा आवळून धरायची. तळं डोक्यावरच राहिलं, दिवसेंदिवस जड होत गेलं, आणि चालताना घराच्या चौकटी तिला ठेंगण्या पडू लागल्या.

आषाढातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी, दिगंबररावांनी डोळे उघडले तर पलंग कोरडा होता. ते गुडघ्यांवर रांगत मधला सगळा पलंग ओलांडून आले. वाटेत दोनदा थांबून त्यांनी दम घेतला.

"अहो, वर बघू नका."

"नाही बघत." मग, घोषणेचा आवाज नव्हताच तो, त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"थोडं. थांबा."

ते थांबले. कुणी थांबलं की इतकं बरं वाटतं हे तिला माहीतच नव्हतं.

"आता?"

तिनं फुंकर सोडली, आणि मग आतलं सोडलं. चार, पाच, सहा. वरून थेंब पडू लागले. एक मासा दिगंबररावांच्या खांद्यावर पडला आणि तिथंच बसून राहिला. प्रफुल्ला हसली, पोट धरून, मोकळी, आणि दिगंबररावही हसले. पुढचं त्या दोघांना आणि त्या माशाला ठाऊक. सातच्या पुढे मात्र ती त्या दिवशीही गेली नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या मंगळवारी मंगल कार्यालयात तीनशे बायका जमल्या. प्रफुल्ला आणि शकू नऊवारी नेसून मधोमध उभ्या राहिल्या. जडपणानं तळं डोक्यावरून खाली घसरलं होतं आणि आता हॉलएवढं झालं होतं. बायकांनी सवयीनं साड्या उचलल्या, आणि त्यांच्याही खुर्च्यांखालून पाणी निघालं. कुणाच्या पर्समधून वाटीभर, कुणाच्या पदराखालून परातभर. सासूबाईंचं हिरवं पाणी सतरंजीसकट आलं. सगळ्या पाण्यांनी एकमेकांना वाट विचारली आणि ती मधोमध येऊन मिळाली. कुणी भिंतीकडे पाहिलं नाही.

"गुडघं टिकतील न्हवं?" शकू स्वतःशीच म्हणाली आणि तिनं हात पुढे केले. प्रफुल्लानं ते धरले. हात गरम होते, ओळखीचे होते, आणि ती आनंदानं रडवेली झाली.

त्या फिरू लागल्या.

"फू!" प्रफुल्ला म्हणाली.

पाणी उचललं गेलं. दुसऱ्या गिरकीला बायकाही म्हणाल्या, तिसऱ्याला सगळा हॉल म्हणाला, आणि पाणी झुंबरांना ओलांडून वर गेलं आणि छत म्हणून थांबलं. खालून माशांची पोटं दिसत होती. तीनशे बायका माना वर करून बघत होत्या. दाराशी दिगंबरराव उभे होते, खांद्यावर मासा. तिसऱ्या रांगेत डॉक्टर मुल्ला बोटं उघडत मोजत होत्या. पाच. सहा.

"लई जड हाय गं!" शकू ओरडली. ती हसत होती, तिचे गुडघे कडकड वाजत होते आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "आता काय?"

सात. प्रफुल्लाचं पोट मोकळं होतं. मांड्या मोकळ्या होत्या. आठ. तिनं आवळलेले दात सोडले. पहिल्या रांगेत सासूबाईंनी चष्मा काढून पदराला बांधला आणि तोंड वर केलं.

"सोडायचं, शकू," प्रफुल्ला म्हणाली. "हात नाही. हात घट्ट धर."

नऊ. तीनशे बायकांनी तोंडं उघडली. डॉक्टरांनी दहावं बोट उघडलं.